वाढवा म्हणजे वाढवा

आमच्यात बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळसुद्धा आम्ही फोडत नाही, वाढवतो. मी नऊ वर्षांचा असताना एकदा भर गिऱ्हाइकात ओरडलो, "बाबा, फुटली!" तेव्हा वडिलांनी अशी कानफटात दिली की समोरच्या बाईच विनवायला लागल्या, असू दे हो, पोर आहे. त्याच संध्याकाळी शेजाऱ्याला "दुकान बंद केलं" म्हणालो, तर दुसरी बसली. "बंद पडतं ते नशीब," वडील म्हणाले, "दुकान वाढवायचं असतं." त्यानंतर पंचावन्न वर्षांत माझ्या तोंडून चुकीचा शब्द गेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण म्हातारपणी याच एका शब्दानं माझं नाक कापलं.

गिरगावात फणसवाडीच्या तोंडाशी आमचं बांगड्यांचं दुकान होतं. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, मी दुकान शेवटचं वाढवलं, आणि बिल्डरनं आम्हा नवराबायकोला परळला अकराव्या मजल्यावर भाड्याच्या घरात नेऊन ठेवलं. खाली उतरावं तर ओळखीचं कुणी नाही. लिफ्टमध्ये शिरावं तर सगळे आपापल्या फोनमध्ये. चाळीस वर्षं बायकांशी बोलून पोट भरलेला माणूस मी, मला गप्प बसायची सवय कुठली? सकाळी पेपर, दुपारी झोप, आणि उरलेला वेळ मी बायकोच्या पायात पायात.

तिला मात्र अकरावा मजला मानवला. तिचं माहेर लालबागचं, मूळ मालवणकडचं. लहानपणी तिला गाणं शिकायचं होतं. पण एका खोलीत आठ माणसं, वडील गिरणीत रात्रपाळीला आणि दिवसा झोपलेले. पोरीनं 'सा' लावला की आई डोळे वटारायची. लग्न होऊन आमच्याकडे आली तर खाली दुकान आणि वर सासूबाई. गाणं राहूनच गेलं. हे मला माहीत होतं का? होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं सांगितलं होतं. मी काय केलं? काही नाही. बघू, म्हणालो.

आमची मुलगी पुण्याला असते. ती दोन दिवस राहायला आली आणि आईच्या फोनवर गाणं शिकवणारं एक अ‍ॅप टाकून गेली. "आई, पहिला महिना फुकट आहे." फुकट म्हणता म्हणता त्यानं बँकेचा पिन मागितला. एक रुपया कापला, लगेच परत केला. मी विचारलं, "अगं, फुकट आहे तर पिन कशाला?" तर मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला नाही कळायचं." आता मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, या सगळ्या प्रकरणात मी शहाण्यासारखा विचारलेला तो एकच प्रश्न. महिना संपला की दर महिन्याला आपोआप पैसे घ्यायची परवानगी त्या एका रुपयात काढून घेतली होती. पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मलाही पुढे पैशाचं काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

तो सर.

साधारण पन्नाशीचा असेल. खादीचा कुर्ता, कानशिलावर तेवढेच पांढरे केस, मागे तंबोरा टेकवून ठेवलेला. आवाज असा की दगडालाही वाटावं, आपल्याशीच बोलतोय. एक ओळ गाऊन दाखवायचा, थांबायचा, तेवढ्यात आपण गायचं, आणि मग तो मान डोलवून म्हणायचा, "वा! सुंदर. पुन्हा एकदा, माझ्यासाठी."

माझ्यासाठी! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पेपर खाली ठेवला. माझी बायको एकसष्ट वर्षांची. ती सरळ बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "हो सर." आणि गायली. त्याच्यासाठी.

रोज पाचला तिची शिकवणी. माझा चहा पाचचा, लग्नापासूनचा. तो सहावर गेला. साडेचारला बाई केस विंचरायला बसायची. मी म्हटलं, "अगं, त्याला तू दिसत नाहीस. कॅमेरा नाहीये. ते रेकॉर्ड केलेलं आहे."

"असू दे. समोर माणूस बसलाय, त्याच्यापुढे काय पिंजारलेल्या केसांनी बसू?"

"आणि मी कोण आहे? मी नाही बसलो रोज समोर?"

"तुम्ही पेपरात असता," ती म्हणाली आणि फणी उचलली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं कशाला बोलू, मी जळत होतो. भाड्याच्या घरात, भाड्याच्या खुर्चीवर बसून मी एका चित्रातल्या माणसावर जळत होतो. आणि जळणाऱ्याला बारीकसारीक फार दिसतं. एकदा तिला गाताना ठसका लागला. ती नुसती खोकत होती, एक सूर लागला नाही, आणि हा लेकाचा ठरल्या वेळी म्हणतो, "वा! सुंदर." मी टाळीच वाजवली. "बघ! खोकलीस तरी वा! गधड्याला काय कळतंय?"

ती पाणी प्यायली आणि घसा साफ करून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो खोकल्याला तरी वा म्हणतो."

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

दुसरा महिना लागला आणि तिच्या फोनवर बँकेचा मेसेज आला. दोनशे एकोणपन्नास रुपये कापले. मला तर आनंदच झाला. कारण मिळालं! लगेच मोठा आवाज काढला. "बघ, फुकट फुकट म्हणून गळ्यात मारलं. हे चोर असतात. उद्या सगळं खातं रिकामं करतील." पेन्शन ना काही, दुकान गेलेलं, वगैरे वगैरे सगळं म्हणालो. एरवी दोनशे-अडीचशेसाठी मी आवाज चढवत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. ती म्हणाली, "माझ्या खात्यातून जातात. तुमच्या मासळीच्या एका वाट्याचे पैसे." आणि विषय संपवला.

मग मी चोरटेपणा केला. ती लालबागला मसाला दळायला गेली होती, फोन घरी विसरून. मी तिच्या फोनवरचं ते चित्र बोटानं दाबून धरलं, ते थरथरायला लागलं, आणि काढून टाकलं. गेला तंबोरा, गेला कुर्ता. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! माझा चहा मी स्वतः केला आणि दोन बिस्किटं जास्त खाल्ली. आता आपोआप पैसेही थांबतील, अशी माझी समजूत. दुकानातून माल उचलून नेला की हिशेब मिटला, तसं.

तसं काही नसतं. अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे फक्त आपल्या डोळ्यासमोरून गेलं. पैसे घ्यायची परवानगी बँकेत तशीच जिवंत असते. ती घरी आली, फोन बघितला. पाच मिनिटांत अ‍ॅप पुन्हा आलं. नंबर टाकल्याबरोबर त्यानं "पुन्हा स्वागत" असं म्हटलं आणि ती ज्या धड्यावर थांबली होती तिथूनच सर सुरू झाला. वर ती मला म्हणाली, "माझा फोन जुना झालाय बहुतेक, आपोआप गोष्टी उडतात. तुमचा मोठा आहे, माझ्याच नंबरानं तुमच्यावर पण टाकते." म्हणजे शत्रू माझ्याच खिशात. आ बैल मुझे मार!

त्या दिवसापासून माझ्या फोनवर त्याचे निरोप यायला लागले. "आज रियाज केलात का?" "तुमची वाट बघतोय." मी संडासात असताना मला विचारतोय, रियाज केलात का.

एका सकाळी ती आंघोळीला गेली होती. मी ठरवलं, आज याचा निकालच लावायचा. चित्र काढून टाकायचं नाही, आत शिरून मुळावर घाव घालायचा. चष्मा आतल्या खोलीत होता. आणायला गेलो तर वेळ जाईल म्हणून तसाच बसलो. इकडे दाब, तिकडे दाब, करत करत 'माझं सदस्यत्व' असं लिहिलेल्या पानावर पोचलो. तिथे हिरवं, मोठं, ठळक बटण होतं. त्यावर लिहिलेलं: वाढवा.

मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, माणसं सुसंस्कृत आहेत हो. 'बंद करा' असलं अभद्र लिहिलं नाही. मराठी माणूस असणार कुणीतरी आत, चांगल्या घरातला. गिऱ्हाइकाला दारातून घालवताना कसं बोलावं हे त्याला कळतं. आयुष्यभर रोज साडेआठला मी जे केलं तेच तो मला करायला सांगत होता. मी देवाचं नाव घेतलं आणि वाढवलं.

त्यानं पिन मागितला. इथे तरी मी थांबायला हवं होतं. काही बंद करायला पिन लागत नाही. पिन लागतो तो आपले पैसे बाहेर जाताना, एवढं साधं आहे. पण मला वाटलं, सही मागतायत. भाड्याची जागा सोडतानाही सही घेतातच की. पिन दिला. पडद्यावर हिरवी खूण आली, वरून फुलं पडली आणि लिहून आलं, "अभिनंदन!" मी मनात म्हटलं, लेका, निरोप द्यावा तर असा.

मग आतून चष्मा आणून मेसेज वाचला. माझ्या खात्यातून एक हजार नऊशे नव्याण्णव रुपये गेले होते. वर्षभराचं सदस्यत्व घेतल्याबद्दल धन्यवाद. त्या हिरव्या बटणाच्या खाली, राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं होतं: सदस्यत्व रद्द करा. करायला गेलो गणपती, झाला मारुती. मी त्या टिकोजीरावाला एक वर्षासाठी घरात घेतलं होतं, माझ्या पैशानं, माझ्या हातानं.

घाईघाईनं इंटरनेटवर त्यांचा मदतीचा नंबर शोधला. पहिला दिसला तो फिरवला. लगेच उचलला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पलीकडचा गोड बोलत होता. "काका, आत्ता पैसे परत करतो. मी एक अ‍ॅप सांगतो ते टाका, म्हणजे तुमचा स्क्रीन मला दिसेल. मग एक नंबर येईल तो सांगा. माझ्यावर विश्वास ठेवा." तिथे मात्र मी जागा झालो. चाळीस वर्षांचा धंदा आहे माझा. बांगडीवाला "विश्वास ठेवा" म्हणाला की समजावं, काच तडकलेली आहे. फोन ठेवून दिला. मग अ‍ॅपच्या आतच मदतीचं पान सापडलं, तिथे लिहिलेलं होतं की वर्षाचे पैसे परत मिळत नाहीत. झालं.

बायको केस पुसत बाहेर आली. मी फोन उशीखाली सरकवला. आता हिला सांगायचं काय? की मी तुझं गाणं तोडायला गेलो होतो?

संध्याकाळी पाचला तिनं अ‍ॅप उघडलं आणि थबकली. वर लिहून आलं असणार, वर्षभराचं वगैरे. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं. मी पेपर उलटा धरलाय हे मला तेव्हा कळलं.

"तुम्ही वाढवलंत?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते.

ती उठली. मला वाटलं, आता बॉम्ब फुटतोय. तर तिनं कढई ठेवली आणि शिरा केला, वेलची घालून, तुपात थबथबलेला. माहीमला तिची बहीण असते, तिला फोन लावला आणि माझ्यासमोर म्हणाली, "अगं, ह्यांनी माझ्या गाण्याचं वर्षभराचं भरलं! मला न सांगता. हो ना, मलाही खरं वाटेना." रविवारी मेव्हणी आणि साडू आले. मेव्हणी नवऱ्याला म्हणाली, "बघा, शिका काहीतरी." साडू माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्या पोटावर पाय दिलाय. मी शिरा खात होतो आणि हसत होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आणि मत्सर काही कमी झाला नाही हो. वाढलाच. या वेळी खऱ्या अर्थानं. संक्रांतीला बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू होतं. तिला गायला सांगितलं. पहिली ओळ तिनं डोळे मिटून म्हटली आणि त्या सगळ्या फोनवाल्या बायकांनी फोन खाली ठेवले. मी दाराशी चपलांजवळ उभा होतो. चांगली गायली. इतकी चांगली गायली की मला राग आला. एक बाई म्हणाल्या, "कोणाकडे शिकता?" तर ही लाजली. लाजली! आणि म्हणाली, "सर आहेत माझे."

माझे. तिला वाण म्हणून मिळालेला प्लास्टिकचा डबा घेऊन मी एकटाच लिफ्टनं वर आलो.

फेब्रुवारीत ती बँकेत पासबुक भरून आली आणि आल्या आल्या माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिच्या खात्यातून दर महिन्याला दोनशे एकोणपन्नास अजून जातच होते. म्हणजे वर्षाचे मी भरलेले वेगळे, महिन्याचे तिचे वेगळे. दोन्हीकडून. मी म्हटलं, "बघ! मी सांगत होतो, चोर आहेत!"

"चोर नाहीत. आपण परवानगी दिली होती, ती काढून घेतली नाही. काउंटरवरच्या बाईंनी दाखवलं मला." तिनं चष्मा लावला, आणि माझाही माझ्या नाकावर चढवला. मग फोन दोघांच्या मध्ये धरला. "हे बघा. ज्यातून पैसे देतो ते अ‍ॅप उघडायचं. इथे 'ऑटोपे' लिहिलंय. आत कुणाकुणाला आपण परवानगी दिल्ये त्यांची यादी आहे. हे आपलं. किती तारखेला कापणार, किती कापणार, सगळं लिहिलंय. आणि खाली काय लिहिलंय, वाचा."

"रद्द करा," मी वाचलं.

"मोठ्यानं."

"रद्द करा!"

"हां. बंद करायचं असलं की तिथे 'रद्द' लिहिलेलं असतं. 'वाढवा' म्हणजे वाढवा."

तिनं 'रद्द करा' दाबलं. रद्द झाल्याचा मेसेज येईपर्यंत फोन हातातून सोडला नाही. आला तेव्हा त्याचा फोटो काढून ठेवला. मग चष्मा काढला आणि ती एकदम तिच्या मालवणीवर आली. ती मालवणीवर आली की माझं काही चालत नाही.

"माका कळूक नाय असा वाटला काय तुमका?"

"काय कळलं?"

"अहो, छत्तीस वर्षं रोज रात्री वर येऊन मला सांगत होतात, दुकान वाढवलं. तुम्ही वाढवलंत म्हणजे काय करायला गेला होतात, ते मला कळणार नाही? त्याच दिवशी कळलं. पेपर उलटा होता तुमचा."

"मग शिरा कशाला केलास?"

"चार माणसांत सांगून टाकलं म्हणजे तुम्हाला मागे फिरता येणार नाही, म्हणून."

सांगा आता. मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना गुंडाळलं, आणि माझ्या घरात माझ्यापेक्षा मोठी दुकानदारीण नांदत होती. मी चिडलो. चोराच्या उलट्या बोंबा. म्हटलं, "मग काय करू? रोज ऐकतोय मी. हो सर, हो सर. माझ्यासाठी, माझ्यासाठी. केस काय विंचरतेस, लाजतेस काय. मला नाही सहन होत!"

बोलून गेलो. खाली कुठेतरी ड्रिल चालू होतं.

तिनं माझा उजवा हात घेतला. पालथा केला, उलटा केला, एखादी वस्तू विकत घेण्याआधी बघावी तसा. "या हातानं अर्ध्या गिरगावच्या बायकांना बांगड्या भरल्या तुम्ही. अंगठ्याच्या मुळाशी दाबून, हात मऊ करून, 'दुखत नाही ना ताई' म्हणून. मी डबा घेऊन खाली यायचे तेव्हा बघायचे. नवी नवरी होते मी. दुपारभर वर बसून रडलेय एकदा. तुम्हाला सांगितलं का कधी, दुकान वाढवा म्हणून?"

मला हे माहीत नव्हतं. छत्तीस वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला वाटायचं, जळायची चूल फक्त माझ्याच पोटात आहे.

"तुझे हात मीच भरले ना पण," मी म्हटलं.

"हो. आणि गिऱ्हाइकाला म्हणायचात, काय शोभतायत ताई. मला कधी म्हणालात?" तिनं हात सोडला आणि भाजी निवडायला घेतली.

वर्ष संपत आलं तेव्हा माझ्या फोनवर मेसेज आला की अमुक तारखेला पुढच्या वर्षाचे पैसे आपोआप कापले जातील. म्हणजे मीही पिन देताना पुढची परवानगी देऊन बसलो होतो. मी निमूटपणे तो तिला दाखवला. ती म्हणाली, "रद्द करा. आपोआप नको काही. आता कुठे असतं ते माहित्ये तुम्हाला. पुढचं तुमच्या मनात असेल तर महिन्याचं महिन्याला हातानं भरा. नसेल तर नका भरू. मी भरणार नाही, आणि पोरीला भरू देणार नाही."

"हे काय आता?"

"हे असंच. तुम्हाला सहन होत नाही म्हणालात ना? तुमच्या हातात दिलं."

मी चष्मा लावून, यादीत जाऊन, रद्द केलं. मेसेज आला. त्याचा फोटो काढला. सगळं नीट, एक चूक नाही. यापुढे माझ्या मर्जीशिवाय त्या माणसाला माझ्याकडून एक पैसा मिळणार नव्हता. वर्षभर हेच हवं होतं मला.

शेवटची तारीख गेली. दुसऱ्या दिवशी साडेचारला मी पेपर घेऊन बसलो. फणीचा आवाज आला नाही. पाचच्या ठोक्याला ओट्यावर भांडं वाजलं, गॅस पेटला, आल्याचा वास आला. माझा चहा, वर्षानंतर पहिल्यांदा वेळेवर. केस तसेच, सकाळी बांधलेले. ती चिडलेली नव्हती, रुसलेलीही नव्हती. फडक्यानं ओटा पुसत होती. गुणगुणतसुद्धा नव्हती.

त्या चहाचा वास मला सोसवेना. मी फोन काढला. हिरवं बटण. वाढवा. एक महिना, दोनशे एकोणपन्नास. खाली बारीक अक्षरात 'दर महिन्याला आपोआप' अशा चौकटीत आधीच खूण करून ठेवलेली होती, शहाण्यांनी. ती काढली. सगळं दोनदा वाचलं आणि पिन दिला.

"वाढवलं गं," मी बाहेरूनच ओरडलो.

आतलं फडकं थांबलं. "कुठल्या अर्थानं?"

मी उठलो आणि फोन तिच्या हातात दिला. तिनं पदरानं हात पुसले, चष्मा लावला, खालचं बारीक अक्षरसुद्धा वाचलं. मग केस विंचरायला आत गेली. चहा उतू चालला होता. मीच गॅस बारीक केला, मीच गाळला.

आतून तंबोरा सुरू झाला. तो गाऊन थांबला आणि ती गायला लागली. मी अजून जळतो. आज, हे लिहितानाही जळतो. पण एवढ्या दिवसांत ती ओळ कुठे संपते हे मला पाठ झालंय. शेवटच्या सुरावर ती आली, आणि तो लेकाचा तोंड उघडायच्या आत, कप हातात घेऊन दारात उभा राहून, मी म्हटलं, "वा!"